‘दत्तक’ शब्दातला देणारा

प्रवासवर्णनाच्या वाचकाने एक गोष्ट नेहमीच गृहीत धरलेली असते. ती म्हणजे लिहिणारा परत आलेला आहे. गोडसे भटजी १८५७ च्या धामधुमीत वरसईहून उत्तरेत गेले, वाटेत लुटले गेले आणि अखेर गंगेची कावड घेऊन घरी पोहोचले, म्हणून ‘माझा प्रवास’ आज आपल्या हाती आहे. शंभर वर्षांनंतर पु. ल. देशपांडे युरोप पाहून आले आणि ‘अपूर्वाई’ झाली. काळ, हेतू, दृष्टी सगळेच वेगळे. पण आकृतिबंध तोच. प्रवासी जातो, पाहतो, थोडा बदलतो आणि परततो. बरोबर आणतो ते गंगाजल असेल, आठवणी असतील किंवा दुकानातल्या चिजा असतील. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत इंग्रजीत मात्र प्रवासवर्णनाचा असा एक प्रकार रूढ झाला, ज्यात परतणारा प्रवासी बरोबर एक माणूस घेऊन येतो. परक्या देशात मूल दत्तक घ्यायला गेलेल्या कुटुंबांची ही वर्णने. या प्रवासाला एकाच वेळी दोन प्रवासी असतात आणि त्यांपैकी एकच परतत असतो. दुसरा निघालेला असतो. त्याला निघण्याविषयी कोणी विचारलेले नसते, आणि पुस्तक लिहिले जाते तेव्हा त्याला वाचताही येत नसते.

या लेखनाकडे आपल्या समीक्षेने फारसे पाहिलेले नाही. एक तर ते ‘खासगी’, ‘भावुक’ म्हणून बाजूला पडते. दुसरे म्हणजे त्यावर काही टीका केली तर ती आई-बापांच्या प्रेमावरच टीका ठरेल असा संकोच असतो. तो संकोच आम्हाला समजतो. तरीही या लेखनाला लावण्याजोगा एक निकष आहे असे आम्हाला वाटते, आणि तो बाहेरून आणण्याची गरज नाही. आपल्याच भाषेतल्या एका शब्दात तो आहे.

तो शब्द ‘दत्तक’. इंग्रजीतल्या ‘अडॉप्ट’चे मूळ लॅटिनमध्ये आहे आणि त्याचा अर्थ निवडणे. निवडतो तो घेणारा. क्रिया त्याची, कर्तृत्वही त्याचेच. आपला शब्द ‘दत्त’पासून, म्हणजे ‘दिलेला’ यापासून आला. घेणाऱ्याचे नावही न घेता हा शब्द आधी देणाऱ्याकडे बोट दाखवतो. हा केवळ व्युत्पत्तीचा खेळ नव्हे. जुन्या दत्तकविधानात मूल प्रत्यक्ष देणे आणि प्रत्यक्ष घेणे हाच विधीचा गाभा होता, आणि १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यानेही तो कायम ठेवला. मूल खरोखर दिले आणि घेतले गेल्याशिवाय दत्तक वैध होत नाही. १८७५ साली बडोद्याच्या महाराणी जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळराव दत्तक घेतला आणि त्याचा सयाजीराव झाला. बारा वर्षांच्या त्या मुलाचा प्रवास काही लहान नव्हता. गाव, घर, नाव, सगळेच मागे पडले. पण कवळाणे पुसले गेले नाही. मुलगा कोणी दिला, कोणत्या घरातून दिला, हे सर्वांना ठाऊक होते. आजही सयाजीरावांचे कोणतेही चरित्र कवळाण्यापासूनच सुरू होते.

या जुन्या पद्धतीचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. ती वंशासाठी आणि इस्टेटीसाठी होती, जात आणि भाऊबंदकी यांच्या कुंपणात होती, मुलीला तिथे जागा नव्हती, आणि मुलाची इच्छा तेव्हाही कोणी विचारत नव्हते. सांगायचे ते इतकेच, की त्या पद्धतीत देणारा दिसत असे. त्याला पुसून दत्तक होऊच शकत नसे. परदेशी दत्तकाच्या कहाण्यांत नेमका तोच दिसेनासा झाला. म्हणून अशा प्रत्येक पुस्तकाला विचारण्याचा पहिला प्रश्न आमच्या मते हा : देणारा कोण, आणि तो या मजकुरात कुठे आहे?

थोडा इतिहास पाहू. कोरियन युद्धानंतर, १९५५ साली, अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातील हॅरी आणि बर्था होल्ट या शेतकरी दांपत्याने आठ कोरियन मुले दत्तक घेतली. त्यासाठी अमेरिकन संसदेला खास कायदा करावा लागला. त्याआधीच, १९४९ मध्ये, नोबेल पारितोषिक मिळालेल्या कादंबरीकार पर्ल बक यांनी मिश्रवंशीय मुलांसाठी ‘वेलकम हाउस’ ही संस्था काढली होती. पुढच्या दशकांत एकट्या दक्षिण कोरियातून सुमारे दोन लाख मुले परदेशी गेली असे मानले जाते. या पहिल्या काळात बहुधा आई-बाप प्रवास करत नसत. मूल विमानातून कोणाच्या तरी सोबतीने येई आणि नवे आई-बाप विमानतळावर वाट पाहत असत. ॲन टायलर यांची ‘डिगिंग टु अमेरिका’ (२००६) ही कादंबरी अशाच एका संध्याकाळी, बाल्टिमोरच्या विमानतळावर सुरू होते. १९९७ सालच्या ऑगस्टमध्ये तिथे दोन कोरियन तान्ह्या मुली दोन कुटुंबांकडे येतात. एक कुटुंब अस्सल अमेरिकन, दुसरे इराणहून येऊन स्थायिक झालेले. ही दोन कुटुंबे पुढे दरवर्षी ‘आगमनाचा दिवस’ साजरा करतात. टायलरबाईंची नजर मार्मिक आहे. इराणी आजी मरियम या उत्सवाकडे जरा अंतरावरून पाहते, आणि परकेपण म्हणजे काय ते तिला ठाऊक असल्यामुळे कादंबरीला खोली येते. तरीही ज्या दिवसाचा उत्सव होतो तो मुलीच्या जन्माचा नाही. ती दुसऱ्यांच्या आयुष्यात आली तो दिवस आहे, हे वाचकाने विसरू नये.

चीनने १९९२ पासून परदेशी दत्तकाचा मार्ग रीतसर खुला केला आणि प्रवासाची दिशा बदलली. आता आई-बाप निघू लागले. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये चीनने हा मार्ग जवळजवळ पूर्णपणे बंद केल्याचे जाहीर केले. तोवर १ लाख ६० हजारांहून अधिक मुले, बहुतांश मुली, परदेशी गेल्या होत्या आणि त्यांतल्या सुमारे ८२ हजार अमेरिकेत. इतक्या कुटुंबांनी तोच प्रवास केल्यामुळे त्याला यात्रेसारखे ठरलेले टप्पे आले. आधी कागदपत्रांचा गठ्ठा, मग वाट पाहणे, मग टपालाने येणारा एक लहानसा फोटो. मग दहा-बारा कुटुंबांच्या जथ्याने चीन. प्रांताच्या राजधानीतल्या एखाद्या कचेरीत किंवा हॉटेलच्या खोलीत मूल हातात दिले जाई. आणखी काही दिवस सह्या आणि शिक्के. शेवटी अमेरिकन कुटुंबांना व्हिसासाठी ग्वांगझौ शहरात जावे लागे. तिथे शामियान बेटावर अमेरिकन वकिलातीजवळच ‘व्हाइट स्वान’ हे हॉटेल होते. हॉटेलातल्या लाल सोफ्यावर जथ्यातल्या सगळ्या मुलींना ओळीने बसवून फोटो काढण्याची प्रथा पडली होती. तिथे उतरणाऱ्या कुटुंबांना मॅटेल कंपनीची ‘गोइंग होम बार्बी’ भेट मिळे : गोऱ्या, सोनेरी केसांच्या बाहुलीच्या कडेवर एक चिनी तान्हुली. बाहुलीचे नाव वाचणाऱ्याने क्षणभर थांबावे. ‘घरी जाणारी’ कोण? आई घरी जाते आहे हे खरे. पण जिचे घर मागे राहिले तिलाही त्याच क्रियापदात गुंडाळून टाकले आहे.

या कहाण्यांची भाषा बारकाईने वाचण्यासारखी आहे. कागदपत्रे जमवण्याच्या आणि वाट पाहण्याच्या काळाला त्या वर्तुळात ‘कागदी गर्भारपण’ म्हणण्याची पद्धत पडली. रूपक म्हणून ते सहज सुचण्यासारखे आहे, वाट पाहण्यातली उलघाल त्यात नेमकी येते, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्याच काळात, कुठल्याशा खेड्यात, एक खरे गर्भारपणही चाललेले असते. कदाचित लपवून, कदाचित माहेरी किंवा दूरच्या नातलगाकडे राहून. रूपकाने त्याची जागा घेतली की ते कथेतून आपोआप वजा होते. दुसरी प्रतिमा लाल धाग्याची. ज्यांची भेट ठरलेली आहे त्यांना एक अदृश्य लाल धागा जन्मापासून बांधून ठेवतो, ही चिनी समजूत अशा पुस्तकांत वारंवार येते. मुळात ती समजूत आहे नवरा-बायकोविषयी. लग्नाच्या गाठी वर बांधलेल्या असतात असे आपण म्हणतो, त्यातलाच तो प्रकार. ती उचलून दत्तक मुलाला लावली की भेट दैवाची होते. आणि दैवाने घडवलेल्या गोष्टीत कायदा, दंड, अधिकारी, अनाथालय, वर्गणी यांना काही जागा उरत नाही.

कॅरिन इव्हान्स यांचे ‘द लॉस्ट डॉटर्स ऑफ चायना’ (२०००) हे या प्रकारातले बहुधा सर्वांत परिचित पुस्तक. ते प्रामाणिक आहे. लेखिका जन्मदात्रीला विसरलेली नाही, तिच्याविषयी ती पुन्हा पुन्हा विचार करते. तरी शीर्षकापाशी अडखळायला होते. ‘लॉस्ट’ म्हणजे हरवलेल्या. मराठीच्या विद्यार्थ्यांना हे सांगायला नको, की ‘मुलगी हरवली’ या वाक्यात मुलीशिवाय कोणीही नाही. ‘टाकली’ म्हटले की कोणी टाकली हे विचारावे लागते. ‘दिली’ म्हटले की कोणाला, कशासाठी हे विचारावे लागते. ‘हिसकावली’ म्हटले तर पोलिसांत जावे लागते. ‘हरवली’ हे एकच क्रियापद असे आहे की त्यात कोणाला काहीच विचारावे लागत नाही. या सबंध वाङ्मयप्रकाराची सोय आणि त्याची मर्यादा या एका क्रियापदात आली आहे.

चीनमध्ये खरे काय घडत होते? एका अपत्याचे धोरण १९८० च्या सुमारास आले आणि २०१५ च्या अखेरीपर्यंत कमीअधिक कडकपणे चालले. मूल टाकणे हा गुन्हा होता, आणि धोरणाबाहेर जन्मलेले मूल रीतसर देऊन टाकण्याची वाट आई-बापांना नव्हती. म्हणजे देणाऱ्याला ‘देणारा’ म्हणून समोर येताच येत नव्हते. दत्तक शब्दाला जो विधी अभिप्रेत आहे त्यातला अर्धा भाग कायद्यानेच अशक्य करून ठेवला होता. त्या जागी उरला एक छोटा मजकूर. अनाथालयात मूल आले की प्रांतातल्या वर्तमानपत्रात त्याच्या फोटोसह जाहिरात छापली जाई : अमुक तारखेला, अमुक ठिकाणी सापडले; कोणाचे असेल त्याने मुदतीत यावे. अनेक मुलींच्या आयुष्याविषयी, परदेशी आई-बाप येण्यापूर्वीचा, एवढाच लिखित मजकूर आहे. दोन-तीन ओळी, आणि त्याही कोणीतरी कर्मचाऱ्याने लिहिलेल्या. आत्मचरित्राच्या अभ्यासकांनी या जाहिरातींकडे पाहायला हवे. तिथे आयुष्याची सुरुवात प्रथमपुरुषी नाही, आईच्या तोंडचीही नाही. ती सरकारी आहे, आणि ती खरी असेलच याची हमी नाही.

ही हमी नाही हे पुढे स्पष्टच झाले. २००५ मध्ये हुनान प्रांतातली काही अनाथालये दलालांकडून पैसे देऊन मुले घेत असल्याचे उघडकीस आले आणि पुढच्या वर्षी शिक्षा झाल्या. त्याच प्रांतात कुटुंबनियोजनाचे अधिकारी धोरणाबाहेरची मुले घरांतून उचलून नेत होते असेही नंतर बाहेर आले. पत्रकार बार्बरा डेमिक यांचे ‘डॉटर्स ऑफ द बांबू ग्रोव्ह’ (२०२५) हे अशाच जुळ्या बहिणींविषयी आहे. एक हुनानमध्ये राहिली. दुसरी, लहानगी असताना अधिकाऱ्यांनी नेलेली, टेक्सासमध्ये वाढली. टेक्सासमधल्या आई-बापांना मूल टाकलेले म्हणूनच मिळाले होते. त्यांनी खोटे काही सांगितले नाही. त्यांना सांगितले गेले तेच खोटे होते.

‘मग आई-बापांनी लिहूच नये की काय?’ असा प्रश्न येथे येईल. आमचे म्हणणे तसे नाही आणि ते तसे नसल्याचा उत्तम दाखला म्हणजे के ॲन जॉन्सन. त्या चीनच्या अभ्यासक आणि १९९१ साली वूहानमधून मुलगी दत्तक घेतलेल्या आई. मुलीला घेऊन परतल्यावर त्यांचा प्रवास संपला नाही. ‘ही कोणी ठेवली आणि का?’ या प्रश्नाच्या मागे त्या पुढची वीस-पंचवीस वर्षे चिनी खेड्यांत जात राहिल्या. ‘चायनाज हिडन चिल्ड्रेन’ (२०१६) या पुस्तकात त्यांनी दाखवले, की चिनी शेतकऱ्यांना मुली नकोशाच असतात हे आपल्याला सोयीचे वाटणारे उत्तर अपुरे आहे. अनेकांनी मुली लपवल्या, नातलगांकडे ठेवल्या, आणि अनेकांनी दारात ठेवलेल्या परक्यांच्या मुली आपल्या म्हणून वाढवल्याही. पण १९९२ साली अमलात आलेल्या कायद्याने दत्तक घेणाऱ्याला स्वतःचे मूल नसावे आणि वय पस्तिशीपुढचे असावे अशा अटी घातल्या होत्या. त्या काहीशा सैल व्हायला १९९९ उजाडले. गावातले तरुण, लेकुरवाळे जोडपे मूल घ्यायला तयार असूनही बेकायदा ठरत होते. हे लिहिताना जॉन्सनबाई स्वतःच्या मातृत्वाची जमीन स्वतःच उकरत होत्या. घेणाऱ्याने देणाऱ्याचा शोध घ्यावा, तोही आपल्या कहाणीचे काय होईल याची पर्वा न करता, याला आम्ही या प्रकारातली सर्वांत मोठी वाङ्मयीन कमाई मानतो.

दुसरी कमाई अर्थातच त्या मुलांची. जेन जोंग ट्रेन्का १९७२ मध्ये बहिणीबरोबर कोरियातून मिनेसोटात आल्या. ‘द लँग्वेज ऑफ ब्लड’ (२००३) या त्यांच्या आत्मकथनात प्रवास उलटा होतो : मोठी झालेली मुलगी कोरियात जन्मदात्या आईकडे जाते. आई आहे, जिवंत आहे, पण दोघींत भाषा नाही. शीर्षकातली ‘रक्ताची भाषा’ ही त्या अभावाला दिलेले नाव आहे. कोरियात परदेशी जाणाऱ्या मुलांसाठी वेगळी, एकट्या मुलाची कुटुंबनोंद तयार करण्याची पद्धत होती. आई-बाप हयात असलेले मूल त्या नोंदीत अनाथ होई. मार्च २०२५ मध्ये तिथल्या सत्यशोधन व समेट आयोगाने ३६७ अर्जदारांपैकी ५६ जणांच्या बाबतीत हक्कांचे उल्लंघन झाल्याचा निष्कर्ष काढला, आणि कागदपत्रांतील फेरफार, मुलांची ओळख बदलणे यांची जबाबदारी सरकारवरही टाकली. वर्गात अविश्वसनीय निवेदक शिकवताना आपण कादंबऱ्यांची उदाहरणे देतो. येथे निवेदक एक सरकारी नोंदवही आहे आणि तिच्यावर विश्वास ठेवून माणसे चाळीस-पन्नास वर्षे जगली आहेत.

हे सारे चीन-कोरियाचे म्हणून आपण दूर ठेवू शकत नाही, कारण आपल्याकडूनही मुले गेली आहेत. लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र लिहिले. परदेशी दत्तकाच्या नावाखाली कोवळ्या मुलांना दूरदेशीच्या लांबच्या, जिवावर बेतणाऱ्या प्रवासाला पाठवले जाते, ही त्यातली एक तक्रार होती. न्यायमूर्ती भगवती यांच्या १९८४ च्या निकालाने त्या पत्रावर परदेशी दत्तकाची चौकट उभी केली : आधी देशातच घर शोधावे, ते न मिळाल्यास परदेश. १९९३ च्या हेग कराराचे तत्त्वही हेच, आणि भारताने तो २००३ मध्ये स्वीकारला. आजच्या २०१५ च्या बाल न्याय कायद्यात तर परदेशी आई-बापांनी स्वतः येऊन मूल ताब्यात घ्यावे असेच म्हटले आहे. म्हणजे ज्या प्रवासाविषयी आपण बोलत आहोत तो आता केवळ हौस किंवा भावना नाही. ती कायद्याची अट आहे. ‘प्रत्यक्ष देणे-घेणे’ या जुन्या गाभ्याची ही सुधारलेली आवृत्ती आहे असे म्हणता येईल. फरक इतकाच, की देण्याच्या जागी आता संस्था उभी असते.

हे नियम होण्याच्या दहा वर्षे आधी, १९७४ साली, नाशिककडची, मुंबईच्या अनाथाश्रमात वाढलेली सुमारे सात वर्षांची एक मुलगी बार्सिलोनाला गेली. तिचे नाव आशा मिरो. १९९५ मध्ये ती मुंबईला परत आली. त्यातून ‘ला फिया देल गंजेस’, म्हणजे ‘गंगेची मुलगी’, हे पुस्तक २००३ मध्ये कॅटलान भाषेत निघाले आणि स्पेनमध्ये खूप वाचले गेले. आश्रम सापडला होता, पण घर सापडले नव्हते. ते दुसऱ्या प्रवासात सापडले. नाशिक परिसरात तिला सख्खी बहीण भेटली, आणि २००४ मध्ये ‘चंद्राच्या दोन बाजू’ अशा अर्थाच्या शीर्षकाचे दुसरे पुस्तक आले. एका आयुष्याची सुरुवात सांगायला दोन पुस्तके लागली, हेच आम्हाला फार बोलके वाटते. पहिल्यात अनाथालय म्हणजे सुरुवात. दुसऱ्यात कळते की सुरुवात त्याही मागे होती.

आणि शीर्षकातली ती गंगा. युरोपीय वाचकाला गंगा म्हणजे भारत, एवढे पुरते. एखादा काटेकोर समीक्षक म्हणेल, नाशिकच्या मुलीचा गंगेशी काय संबंध? पण नाशिककर गोदावरीलाच गंगा म्हणतात, घाटाला गंगाघाट म्हणतात. बार्सिलोनाच्या वाचकाला जी गंगा नकाशावरची वाटते ती नाशिकच्या वाचकाला घरची वाटेल. हा अर्थ ते पुस्तक मराठी वाचकापर्यंत आल्याखेरीज उघडणार नाही. सात वर्षांची होईतो ती मुलगी ज्या बोलीत बोलली-रडली असेल ती मराठीच असणार. त्या भाषेत तिने लिहिले नाही, कारण ती भाषा तिच्याजवळ ठेवली गेली नाही. नाशिकच्याच जिल्ह्यातले एक मूल बडोद्याला गेले आणि दुसरे बार्सिलोनाला. पहिल्याचे गाव आपल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे.

आपल्या विद्यापीठांत ‘डायस्पोरा’ साहित्याचे अभ्यासक्रम गेली कित्येक वर्षे चालू आहेत. नायपॉल, रश्दी, झुंपा लाहिरी यांच्या पुस्तकांवर प्रबंध होतात. आमची तक्रार अशी, की दत्तक गेलेल्यांचे लेखन या यादीत क्वचितच येते. आणि ते आले तर यादी नुसती वाढणार नाही, तिचा पायाही तपासावा लागेल. डायस्पोराची आपली कल्पना घरावर उभी आहे. देश सुटला तरी घरात भाषा असते, स्वयंपाकाचा वास असतो, आजीच्या गोष्टी असतात. स्मृती घराघरांतून पुढच्या पिढीकडे जाते. दत्तक गेलेल्या मुलाजवळ यातले काहीच नसते. त्याचे घर प्रेमळ असते, पण त्या घराची स्मृती वेगळ्याच गावची असते. अशा लेखकाला ‘मूळ’ वारशाने मिळत नाही. त्याला ते कचेऱ्यांत खेटे घालून, दुभाष्यामार्फत, कधी डीएनए चाचणीतून मिळवावे लागते. देशीयतेची चर्चा मराठीत आपण इतकी वर्षे केली. जिची माती नाशिकची, भाषा कॅटलान आणि विषय दोन्हींमधली फट, अशा पुस्तकापाशी त्या चर्चेने यायला हवे.

एक आक्षेप शिल्लक राहतो, आणि तो गंभीर आहे. ही मुले गेली नसती तर त्यांतली पुष्कळशी संस्थांतच वाढली असती, काही जगलीही नसती. आई-बापांनी रात्री जागून त्यांना वाढवले. अशा वेळी समीक्षकाने क्रियापदे मोजत बसावे काय? हे जागणे आम्ही खरेच मानतो. शिवाय दारे बंद केल्याने प्रश्न सुटतो असेही आमचे म्हणणे नाही. चीनप्रमाणे नेदरलँड्सनेही २०२४ मध्ये परदेशी दत्तक टप्प्याटप्प्याने थांबवायचे ठरवले. चुका थांबतील, पण जी मुले आधीच गेली त्यांचे कागद त्यामुळे खरे होणार नाहीत. साहित्याचे काम येथेच येते. कारण या पुस्तकांतली बहुतेक, उघड किंवा आडून, मुलाला उद्देशूनच लिहिलेली होती. ‘तू कशी आलीस’ हे तिला कधीतरी वाचता यावे म्हणून. ती वाचक आता मोठी झाली आहे. १९९० च्या दशकात लाल सोफ्यावर बसवलेल्या मुली आज पंचविशी-तिशीच्या आहेत. त्या ते पुस्तक उघडतील तेव्हा वर्णन किती हृद्य आहे हे पाहणार नाहीत. आपल्याआधीची पाने त्यात आहेत की नाहीत हे पाहतील. ती नसली तर किमान रिकामी तरी सोडली आहेत का, की त्यांवर लाल धाग्याची नक्षी काढली आहे, हेही पाहतील. म्हणून क्रियापदे मोजायची.

अध्यापकांना आमची सूचना साधी आहे. प्रवासवर्णन शिकवताना अशा एखाद्या पुस्तकाचा अंश वर्गात घ्यावा आणि विद्यार्थ्यांना तीन गोष्टी शोधायला सांगाव्यात : मुलाच्या आयुष्याचे पहिले वाक्य कोणत्या पानावर येते, त्या वाक्याचा कर्ता कोण आहे, आणि ते लेखकाला कोणी सांगितले. एवढ्याने पुष्कळ काही हाती लागेल. आणि नाशिकमधल्या निदान एका महाविद्यालयाने आशा मिरो यांची दोन्ही पुस्तके मराठीतून वर्गात आणावीत. सयाजीरावांच्या चरित्रात कवळाण्याला जी जागा आहे, ती या पुस्तकांमागच्या खेड्याला देणे आता आपल्याच हाती आहे.